गोरे, गुटगुटीत, गुणी : बाळाचे रूप आणि बाळाचा आहार

बारशाचे घर असो वा दवाखान्यातील बाक, तान्ह्या मुलाची स्तुती करण्यासाठी आपल्या समाजात तीन विशेषणे पिढ्यानपिढ्या ठरून गेलेली आहेत. बाळ गोरे आहे, बाळ गुटगुटीत आहे आणि बाळ गुणी आहे, म्हणजे मुळीच रडत नाही. कारखान्यांच्या निमित्ताने जळगाव-धुळ्याकडून सिल्वासाला येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील आजीबाई असोत किंवा खानवेल-दुधनीकडील पाड्यावरून नातवाला काखेत घेऊन येणारी वारली आजी असो, बोली बदलते, पण बाळाकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलत नाही. संपादक मंडळाने ‘आहाराचा बाळाच्या रूपावर होणारा परिणाम’ हा विषय सुचविला, तेव्हा मला प्रथम थोडे हसू आले. कारण हाच प्रश्न माता आम्हाला रोज निराळ्या शब्दांत विचारीत असतात. ‘डॉक्टर, काय दिले म्हणजे बाळाचा रंग उजळेल? काय दिले म्हणजे बाळ भरेल?’ परंतु विचार करता करता हसू ओसरले. आहाराने रूप घडविता येते ही समजूत बहुतांशी खोटी आहे. रूपावरून आहार वाचता येतो ही गोष्ट मात्र पूर्णपणे खरी आहे. आणि तो वाचण्यात आपल्या हातून जी चूक होते, ती पुष्कळदा वरील तीन स्तुतिवचनांमुळेच होते.

तशी एक चूक माझ्याच हातून झालेली आहे. ती आधी सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेने भरविलेल्या सुदृढ बालक स्पर्धेत परीक्षक म्हणून मला बोलाविले होते. टेबलावर वजनकाटा, भोवती नटवून-सजवून आणलेली बाळे, मंडपात उकाडा आणि ध्वनिक्षेपकाचा गोंगाट. त्या गोंगाटात नऊ महिन्यांचे एक बाळ आईच्या मांडीवर अगदी शांत बसून होते. रंगाने उजळ, गाल भरलेले, वजन वयाला साजेसे. आयोजकांपैकी एका भगिनी कौतुकाने म्हणाल्या, ‘बघा ना, किती गुणी बाळ आहे, इतक्या गर्दीत हूं की चूं नाही.’ मीही मान डोलावली आणि त्या बाळाला दुसरा क्रमांक दिला. सुमारे दोन महिन्यांनी तेच बाळ माझ्या दवाखान्यात आले. आई सांगत होती की ते आता आधाराशिवाय बसत नाही, हाक मारली तरी पाहत नाही, आणि दोन दिवसांपासून त्याचे हातपाय व मान थरथरत आहेत. अंगावरचे कपडे काढून उजेडात पाहिले, तेव्हा उजळ वाटलेला रंग हा फिकटपणा होता. खालची पापणी आतून पांढरी, तळहात कागदासारखे. केस विरळ व तपकिरी झालेले. आणि हातांच्या बोटांच्या सांध्यांवर, पाठच्या बाजूने, काळसर पट्टे. हिमोग्लोबिन ५.८ निघाले. स्पर्धेच्या दिवशी हातमोजे, टोपी आणि पावडर यांच्याआड हे सारे होतेच. मी केवळ काट्याकडे पाहिले होते.

बाळ सहा महिन्यांपर्यंत आणि त्यानंतरही केवळ आईच्या दुधावर होते. घर माळकऱ्यांचे, त्यामुळे अंडे किंवा मासळी यांचा प्रश्नच नव्हता. घरात येणारे अर्धा लिटर दूध चहाला आणि वडीलधाऱ्यांना पुरत असे. सुनेच्या वाट्याला चहातले चार चमचे येत. आईच्या शरीरात जीवनसत्त्व ब-१२ नव्हते, म्हणून तिच्या दुधात नव्हते, म्हणून बाळाच्या रक्तात आणि मेंदूत नव्हते. आईचे दूध कमी पडत नव्हते, म्हणून बाळाचे वजन वाढत होते. हा आजार फसवितो तो नेमका येथेच.

आता एकेक विशेषण घेऊ.

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि त्याचे प्रमाण आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांवर अवलंबून असते. गर्भारपणी केशर घातलेले दूध, शहाळे, पांढरे पदार्थ यांनी बाळ गोरे होते, हा समज आपल्याकडे सुशिक्षित घरांतही टिकून आहे. केशराने दुधाला रंग येतो, बाळाला नाही. बहुतेक बाळे जन्मतः जराशी उजळ असतात आणि पुढील काही महिन्यांत स्वतःच्या मूळ रंगावर येतात. या स्वाभाविक बदलालाच ‘बाळ काळे पडले’ म्हणून डाळीचे पीठ, साय व हळद यांनी रोज घासण्याचा उपक्रम सुरू होतो. बिचाऱ्या त्वचेला ओरखडे पडतात, पुरळ येते, रंग जिथल्या तिथे.

आहाराने त्वचेचा रंग बदलण्याचा एक प्रकार मात्र निखालस खरा आहे आणि तो निरुपद्रवी आहे. गाजर, लाल भोपळा, पपई, रताळे यांचा मारा केलेल्या बाळाचे तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा व नाकपुड्यांच्या कडा पिवळट-केशरी दिसू लागतात. माता घाबरून कावीळ म्हणून घेऊन येतात. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असेल, लघवी व शौचाचा रंग नेहमीचा असेल, तर हा त्या भाज्यांतील कॅरोटीनचा रंग आहे. प्रमाण कमी केले की काही आठवड्यांत तो आपोआप जातो. डोळे पिवळे असतील तर मात्र ती गोष्ट वेगळी, आणि आपल्या भागात फारच वेगळी. तिच्याकडे पुढे येतो.

‘गोरे’ या शब्दाखाली सर्वाधिक काय दडते, तर रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत दादरा व नगर हवेलीतील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शंभरात ८४ हून अधिक मुले रक्तक्षयी आढळली. त्या वेळी देशाची सरासरी ५८.६ होती. २०१९-२१ च्या फेरीत, दमण व दीवसह झालेल्या नव्या केंद्रशासित प्रदेशाचा एकत्रित आकडा सुमारे तीन-चतुर्थांश आला आणि देशाचा ६७.१ झाला. म्हणजे आपल्या प्रतीक्षागृहात चार बाळे बसली असतील, तर त्यांतील तिघांचा ‘उजळपणा’ संशयाने पाहावा अशी स्थिती आहे. बाळाचा तळहात स्वतःच्या किंवा आईच्या तळहाताशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहणे, याला पैसा लागत नाही व मिनिटही लागत नाही. अर्थात आईही रक्तक्षयी असेल तर तुलना फसते, आणि येथे ती पुष्कळदा असते. म्हणून आपला हात बरा.

बाळ पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. पूर्ण दिवसांच्या बाळाला तो साधारण सहा महिने पुरतो. नाळ बांधण्याची घाई न करता एक ते तीन मिनिटे थांबल्यास त्या साठ्यात चांगली भर पडते. त्यानंतर लोह बाहेरून यावे लागते. नेमक्या याच वेळी आपल्या घरांत गायीच्या अथवा पिशवीच्या दुधाचा प्रवेश होतो. दुधात लोह जवळजवळ नसते. शिवाय ते अन्य अन्नातील लोहाचे शोषण कमी करते, आणि लहान बाळाच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही घडवू शकते. दिवसाला लिटरभर दूध बाटलीतून पिणारे दीड वर्षाचे मूल भरलेले, पांढरेशुभ्र आणि हट्टी असते. भिंतीचा पोपडा किंवा माती खात असते. घरचे अभिमानाने सांगतात, ‘आमचा बाळ दुसरे काही खातच नाही, फक्त दूध.’ हे वाक्य ऐकले की मी रक्त तपासणीचा कागद पुढे ओढतो.

डोळे पिवळे दिसण्याविषयी वर म्हटले. वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांत सिकल सेलची जनुके आढळतात, हे येथे व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. गर्भातील हिमोग्लोबिनचे संरक्षण साधारण सहा महिन्यांनंतर ओसरते आणि त्याच सुमारास बाळ फिके पडू लागते. म्हणजे आहारातील लोह कमी पडण्याचा आणि हा आजार प्रकट होण्याचा काळ एकच. दिसणेही सारखे. फरक सांगणारी चिन्हे म्हणजे डोळ्यांतील पिवळसर छटा, वाढलेली प्लीहा, हातापायांच्या पंजांवर अचानक येणारी दुखरी सूज. अशा बाळाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून महिनोन्‌महिने केवळ लोहाचे औषध देत राहणे हे त्याचे नुकसान करणे आहे. सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. तिच्यातील तपासणीचा लाभ आपल्या प्रत्येक फिक्या बाळाला मिळाला पाहिजे.

आता त्या काळसर बोटांकडे वळतो. या विषयाने मला स्पर्धेच्या प्रसंगानंतर झपाटले होते, हे कबूल केले पाहिजे. थरथर, फिकटपणा, बोटांवरील काळेपणा आणि मंदावलेली समज असा हा समुच्चय भारतीय डॉक्टरांनी १९५० च्या दशकापासून वर्णिलेला आहे. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये असल्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. ही बाळे आईच्या दुधावर वाढलेली होती, आणि आई व बाळ दोघांतही ब-१२ ची कमतरता होती. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच ते मिळते. पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. शाकाहार हा दोष नव्हे. पण ज्या शाकाहारात दूध-ताक नावापुरतेच असते, तो शाकाहार बाळंतिणीला पुरत नाही. आणि आपल्याकडचा पुष्कळसा मांसाहारही नावाचाच असतो: सणाला कोंबडी, एरवी भात आणि पातळ आमटी. म्हणून ‘आम्ही सगळे खातो’ या उत्तरावर थांबू नये. आठवड्यातून किती वेळा, आणि घरात कोणाच्या ताटात, हे विचारावे.

या बाबतीत महाराष्ट्राने जगाला मोठे ज्ञान दिले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. त्या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींमध्ये ब-१२ कमी आढळले. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु पाठीवरची त्वचेखालील चरबी मोजली, तेव्हा आमची ही लहानखुरी बाळे त्या मानाने चरबी राखून असल्याचे दिसले. कमी होते ते स्नायू व पोटातील अवयवांचे आकारमान. बाहेरून बारीक, आतून मेदयुक्त असे हे भारतीय बाळ २००३ साली जगासमोर आले. पुढे याच मुलांच्या अभ्यासातून असे दिसले की गर्भारपणी ज्या मातांत फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिन-प्रतिरोध अधिक होता. लहान जन्मलेल्या बाळाला ‘भरून काढण्या’साठी साखर-तुपाचा मारा करणाऱ्या घरांनी आणि त्याला मूक संमती देणाऱ्या आपण डॉक्टरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे.

उपचार करणाऱ्या मित्रांसाठी एक सूचना. ब-१२ चे इंजेक्शन सुरू केल्यावर काही बाळांत थरथर प्रथमच दिसू लागते किंवा आधीची वाढते. हा औषधाचा अपाय समजून उपचार थांबवू नयेत. आणि बाळाबरोबर आईलाही औषध द्यावे. नाहीतर आपण नळ उघडा ठेवून फरशी पुसत आहोत.

दुसरे विशेषण गुटगुटीत. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, सुजलेल्या, तांबूस केसांच्या, त्वचेचे पापुद्रे निघणाऱ्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दोन वर्षांनी तेथील गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे नाव वैद्यकात आणले. धाकटे भावंड आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्या नावाचा अर्थ. आपल्या आयुर्वेदाच्या मित्रांना येथे काश्यपसंहितेतील फक्करोग आठवेल. वर्षाचे झाले तरी न चालणारे मूल, त्याचे नितंब, दंड व मांड्या सुकलेल्या, पोट पुढे आलेले, डोके मोठे. आणि त्याचा एक प्रकार ‘गर्भज’, म्हणजे आई पुन्हा गर्भार राहिल्याने दूध तुटून होणारा. गोल्ड कोस्टमधील आजी आणि काश्यपसंहितेचा कर्ता यांनी एकच गोष्ट पाहिली होती. मराठी पाठ्यपुस्तकांत या दोन टोकांना सुकटी आणि सुजवटी अशी सुरेख नावे आहेत. सुकटीचे मूल कोणालाही ओळखू येते: म्हाताऱ्यासारखा चेहरा, मोजता येतील अशा बरगड्या. सुजवटीचे मूल मात्र ‘भरलेले’ दिसते.

पूर्वी असे मानीत की सुजवटी ही केवळ प्रथिनांच्या अभावाने होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की दोन्ही प्रकारच्या मुलांच्या आहारात तसा गुणात्मक फरक आढळत नाही. एकूण अन्नच कमी असते आणि शरीर त्याला निरनिराळ्या रीतीने उत्तर देते. याचा व्यवहारातील अर्थ असा की प्रोटीन पावडरचा डबा हे कुपोषणावरचे उत्तर नव्हे. औषधांच्या दुकानातील तो डबा घेण्यासाठी पाड्यावरचा बाप दोन दिवसांची मजुरी मोडतो, तेव्हा मला वाईट वाटते. कारण तेवढ्या पैशांत महिनाभराची अंडी येतात.

आपल्या सीमेला लागून असलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जव्हार-मोखाड्याचे पाडे आणि आपल्या मांदोनी-सिंदोनीचे पाडे यांच्यामध्ये नकाशावरची रेघ आहे. शेत, भात, नागली आणि उपासमारीचे पावसाळी महिने सारखेच. म्हणून दोन्ही पावलांच्या पाठीवर अंगठ्याने काही सेकंद दाबून खळगा पडतो का हे पाहणे, हे आपल्याकडे प्रत्येक ‘गुटगुटीत’ बालकाच्या तपासणीचा भाग असले पाहिजे. दोन्ही पायांवर खळगा राहिला, तर वजन कितीही असो, ते बाळ तीव्र कुपोषित आहे. सहा महिन्यांवरील बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तरीही तेच. केसांचा तांबूसपणा हे चिन्ह मात्र जपून वापरावे. उन्हात हुंदडणाऱ्या व तेल न लागलेल्या मुलांचे केसही तसेच दिसतात. केस सहज, न दुखता हातात येत असतील किंवा एकाच केसावर फिका व गडद असे पट्टे असतील, तर त्याला महत्त्व आहे.

मुडदुसाविषयी थोडक्यात. पुढे आलेले चौकोनी कपाळ, उशिरा भरणारी टाळू, उशिरा येणारे दात, रुंद मनगटे, चालू लागल्यावर वाकणारे पाय हे रूप ड जीवनसत्त्वाचा किंवा कॅल्शियमचा अभाव सांगते. एवढे ऊन असूनही हा आजार आपल्याकडे आहे, कारण चाळीतल्या एका खोलीत वाढणाऱ्या बाळाच्या अंगावर ऊन पडत नाही. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. म्हणून पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट थेंबांच्या रूपात द्यावेत. पुढचे चार दात काळे पडून झिजलेले मूल दिसले तर रात्री झोपेत बाटली तोंडात राहते का, एवढे विचारले की पुरते.

सर्वांत मोठी फसगत मात्र जिथे काहीच वावगे दिसत नाही तिथे होते. खुजे मूल प्रमाणबद्ध असते. साडेतीन वर्षांचे मूल दोन वर्षांच्या मापाचे असते आणि पाहणारा त्याला दोन वर्षांचे समजून कौतुक करतो. पूर्वोक्त २०१९-२१ च्या सर्वेक्षणात आपल्या प्रदेशातील पाच वर्षांखालील सुमारे ४० टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. या मुलांना ओळखण्याचे साधन डोळे नसून जन्मतारीख आणि उंची मोजण्याची पट्टी ही दोनच आहेत. लसीकरणाचे कार्ड मागावे, तारीख वाचावी, मग मुलाकडे पाहावे.

तिसरे विशेषण गुणी. यावर फार लिहावे लागू नये. नऊ-दहा महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाच्या हातात गेल्यावर रडले पाहिजे, स्टेथोस्कोप ओढला पाहिजे, टेबलावरचा कागद तोंडात घातला पाहिजे. जे यातले काहीच करीत नाही ते गुणी नाही, थकलेले आहे. लोह, ब-१२ व एकूण अन्न यांच्या अभावाचे हे सर्वांत आधीचे आणि सर्वांत कमी नोंदले जाणारे चिन्ह आहे. उलट, कुपोषित बाळाच्या उपचारात सूज उतरण्याची वाट पाहताना परिचारिका प्रथम ज्याची बातमी आणते, ते असते बाळाचे हसणे. बाळ हसले की भूक येते आणि भूक आली की बाकीचे वळणावर येते.

तेव्हा द्यायचे काय? सहा महिने केवळ आईचे दूध, हे आता सर्वांना पाठ आहे. अडचण उष्टावणानंतर सुरू होते. वरणाचे पाणी, भाताची पेज, डाळीचे वरवरचे निवळ ही आमची परंपरागत पातळ यादी. बाळाचे पोट वाटीभर, आणि ते आपण पाण्याने भरतो. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतके अन्न घट्ट हवे, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल हवे, आणि नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा हवे. औद्योगिक वसाहतींतील चाळींत आई पाळीवर जाते, बाळ सहा-सात वर्षांच्या ताईजवळ असते, आणि त्याचे जेवण म्हणजे चहात बुडवलेले बिस्कीट किंवा पाच रुपयांचे खारे पाकीट. चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. बिस्किटाने भूक मरते. या आईला दोष देण्यात अर्थ नाही. सकाळी शिजवलेली मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, भाजून दळलेल्या डाळ-तांदळाचे पीठ घरात तयार असेल तर ती ताई तेही भरवू शकते. मी स्वतः अशा ताईलाच बोलावून समजावतो, आणि ती आईपेक्षा लक्षपूर्वक ऐकते.

पाड्यावरील घरांना तर आपण त्यांचेच अन्न परत द्यायचे आहे. नागलीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा लवलेश. नागलीचे सत्त्व, उडीद-तुरीचे घट्ट वरण, शेवग्याचा पाला, सुकट भाजून केलेली पूड चिमूटभर: हे सारे बाळाला चालते. घरची कोंबडी अंडे देते आणि ते अंडे बाजारात जाते, बदल्यात बिस्किटाचा पुडा येतो. हा व्यवहार थांबविणे एवढेच काम एखाद्या भेटीत जमले तरी ती भेट सार्थकी लागली असे मी मानतो. अंडे पूर्ण शिजलेले असावे. मध मात्र वर्षाच्या आत चाटवू नये, उगाळलेल्या घुटीबरोबरही नाही. लोहाचे औषध, सरकारी कार्यक्रमातील आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, सहा महिन्यांपासून अंगणवाडी व आशाताईंमार्फत मिळते. ते घरी पोहोचते, बाटली फळीवर राहते. त्या बाटलीची चौकशी आपण केली तर ती खाली उतरते.

डब्याच्या दुधाविषयी एक गोष्ट आपल्याच मंडळींना सांगायची आहे. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास बंदी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या कृत्रिम आहाराचीही जाहिरात करता येत नाही. बाळाच्या चित्रास बंदी का, याचे उत्तर या लेखाच्या शीर्षकात आहे. ते गोरे, गुटगुटीत चित्र भिंतीवर लागले की प्रत्येक आई आपल्या सावळ्या, सडसडीत, निरोगी बाळाकडे कमीपणाने पाहू लागते. स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करणाऱ्या आमच्या उत्साही तरुण सभासदांनी हा कायदा वाचून ठेवावा.

ज्या बाळापासून आरंभ केला, त्याच्याविषयी सांगायचे राहिले. इंजेक्शन सुरू केल्यावर पाचव्या दिवशी त्याने आईकडे मान वळविली. थरथर मधल्या काळात वाढली आणि मग पाच-सहा आठवड्यांत गेली. बोटांचा काळेपणा जायला दोन-तीन महिने लागले, केस काळे यायला त्याहून अधिक. ते वीस महिन्यांचे असताना चालू लागले. बोलणे उशिरा आले, आणि शाळेत गणित त्याला जड जाते असे त्याची आई सांगते. दोन महिने आधी ओळखले असते तर काय झाले असते, हे तिने मला कधी विचारलेले नाही. पुढच्या वर्षी त्याच संस्थेचे निमंत्रण आले, तेव्हा मी एक अट घातली: बाळांना टोपी, मोजे व पावडर न लावता आणावे आणि खिडकीजवळच्या उजेडात तपासावे. त्या वर्षी मंडपात रडारड फार झाली. तीन मातांना त्याच दिवशी रक्त तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. त्यांतील एक बाळ, स्पर्धेत सर्वांनी पहिल्या क्रमांकाचे ठरविलेले होते.